क्रमांक दोनदा

"हे मेंदूचे काप कुणी रंगवले?" हातातला ट्रे खाली न ठेवताच मावशींनी विचारलं.

टेबलावर नऊ काचपट्ट्या ओळीनं वाळत होत्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मावशींचंच. दान आलेल्या मेंदूची बरणी उघडण्याआधी तिचा क्रमांक मोठ्यानं दोनदा म्हणायचा आणि मगच वहीत खूण करायची, हा नियम एकतीस वर्षांपूर्वी त्यांनीच घालून दिलेला. वहीत खूण होती, आजचीच.

"तुम्हीच, मावशी. सकाळी," डॉक्टर हळूच म्हणाली. काप काढायचं पातं कसं धरायचं हे ती विद्यार्थिनी असताना मावशींकडूनच शिकली होती.

मावशींना सकाळचा चहा आठवत होता. बरणी काही केल्या आठवेना. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हिप्पोकॅम्पस. मेंदूतला बोटाएवढा वाकडा तुकडा, नवी आठवण आधी इथंच उतरते. धडधाकट माणसाचा असेल तर त्यावर तपकिरी रंग गडद चढतो. स्मृतिभ्रंशाच्या आजारात पेशींचे निरोप नेणारं रसायनच आटत जातं, मग रंग कुठला धरायला! हाही फिकाच होता. पण काम कसं चोख! म्हणजे आपण जागेवर नसताना आपले हात येऊन काम करून जातात? मेलं, हे कसलं भूत मानगुटीवर बसलंय!

"पोरी, मला देहदानाचा अर्ज दे. माझीही बरणी ठेव या फळीवर. सही करायला मी शिल्लक आहे तोवर उरकू दे."

डॉक्टरनं खण उघडला. आत चार अर्ज होते. चारही भरलेले, चारही मावशींच्या सहीचे. प्रत्येकाच्या पाठीमागे तीच ओळ: 'ज्या दिवशी क्रमांक एकदाच म्हणेन, त्या दिवशी माझ्या हातातलं पातं काढून घे.'

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. चारही वेळा." डॉक्टरनं अर्ज परत खणात ठेवले. "दर वेळी तुम्ही डोळे पुसलेत आणि कामाला लागलात."

मावशींनी डोळे पुसले. चष्मा नीट केला, पुढची बरणी ओढली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चारशे बारा."

डॉक्टर दुसऱ्यांदा क्रमांक ऐकायला थांबली.

मावशींनी झाकण फिरवलं. "काय गं, अशी काय बघतेस? पातं दे."

त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरनं तो आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.