मास्तरांचा शब्द

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. गल्लीच्या तोंडाशी, घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. कोण सुटलं, कोण खंगलं, हे डॉक्टरच्या आधी त्यांच्या टेपला कळायचं. बायको लवकर गेली. एकुलती एक लेक त्यांनी त्या मशीनवर शिकवली. ती शिकून नगररचनेच्या कार्यालयात लागली. शहर आणि भोवतालची गावं मिळून पुढच्या काळात घरं कुठं, रस्ते कुठं, मैदानं कुठं, ते आखायचं तिचं काम. "मी माणसाला बेततो, ही अख्ख्या शहराला बेतते," असं मास्तर गिऱ्हाइकांना ऐकवायचे.

नव्या आराखड्यातला मोठा रस्ता नेमका त्या गल्लीवरून जात होता. लेकीनं तो इकडून तिकडून वळवून पाहिला. डावीकडे सरकवला तर दवाखाना जात होता, उजवीकडे याच्या तिप्पट घरं. शेवटी तिनं रेघ होती तिथंच ठेवली आणि गल्लीसाठी जवळच जागा मागून घेतली. पलीकडे बंद पडलेली गोदामं होती, तिथं चार मजली इमारती, रुंद गॅलऱ्या, खाली गाळे आणि मधोमध झाडांचा चौक. चौक तिनं सगळ्यांत आधी काढला. म्हातारी माणसं कुठं टेकतील, खेळणारी पोरं आईला खिडकीतून दिसतील का, भर दुपारी सावली कुठं असेल, ते ठरवलं आणि मग त्याच्याभोवती घरं बसवली.

लोकांची संमती हवी होती. कार्यालयाच्या माणसांना गल्लीनं दारातूनच वाटेला लावलं. तेव्हा मास्तर चपला घालून निघाले आणि घरोघर फिरले.

"माझ्या लेकीनं आखलंय," ते म्हणायचे. "ती काय स्वतःच्या बापाला उघड्यावर बसवेल?"

सगळ्यांत अडून बसल्या होत्या समोरच्या इस्त्रीवाल्या काकू. नवऱ्याला दमा, घर चालायचं ते त्यांच्या इस्त्रीवर. त्यांनी मास्तरांना बराच वेळ उभं ठेवलं.

"कागदावर माझा भरवसा नाही, मास्तर. तुमच्यावर आहे. म्हणून सही करते."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले.

सगळ्या सह्या आल्या आणि महिनाभरात साहेबांनी लेकीला बोलावून घेतलं. गोदामांची जागा आता मोठ्या बाजारसंकुलाला जाणार होती. गल्लीला घरं मिळणार होती शहराबाहेर, दगडाच्या खाणींच्या पलीकडे, बारा मजली.

"तिथं बस जात नाही," ती म्हणाली. "लोकांची कामं इथं आहेत."

"वस्ती झाली की बस येतेच."

"त्यांनी सह्या केल्या त्या जवळच्या जागेसाठी."

"सह्या घरासाठी केल्यात. घर देतोय ना आपण?" साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. "आणि तुमचा चौक तसाच ठेवलाय. मी मुद्दाम सांगितलं तसं."

ती वरपर्यंत गेली, लेखी हरकत घेतली, दोन बैठकांत एकटीच बोलत राहिली. दुसऱ्या बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं, बापाचं घर जातंय म्हणून आग लागलीय. त्यानंतर तिचं बोलणं कुणी ऐकलंच नाही.

गल्लीत येऊन तिनं बापाला सांगितलं. मास्तर कॉलर शिवत होते. त्यांनी शिवण टोकापर्यंत नेली आणि दोरा तोडला.

"लोकांना मी सांगतो. तू जाऊ नकोस."

"बाबा, यात तुमचा काय दोष?"

"रेघ तू मारलीस. शब्द मी दिलाय."

त्यांनी सांगितलं तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या आणि मास्तर पुढं गेल्यावर पुन्हा बोलू लागल्या, एवढंच. लेक म्हणाली, माझ्याकडे चला. मास्तरांनी मान हलवली. "लोकांना तिकडं धाडून मी तुझ्याकडे येऊन बसू?"

नव्या इमारतीत त्यांना नववा मजला मिळाला आणि काकूंना दहावा. गॅलऱ्या नव्हत्या. एका लांब बोळाला दोन्हीकडे दारं, दिवसाही दिवा लावल्याशिवाय किल्ली घालता यायची नाही. चौकाच्या जागी जाळीचं कुंपण घातलेली विजेची पेटी आणि पाण्याचा पंप आला होता. उरलेल्या पट्टीत सिमेंटचे दोन बाक होते, उन्हात तापलेले. नवव्या मजल्यावर कपडे शिवायला कोण चढून येणार? काकूंच्या इस्त्रीचंही तेच झालं. ज्यांना कामावर जायचं ते अंधारात निघायचे आणि अंधारात परतायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी काकूंच्या नवऱ्याला दम्याचा झटका आला. लिफ्ट बंद होती. चौघांनी त्याला खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. त्यात मास्तरही होते, एका कोपऱ्याला हात लावून. दवाखान्याची गाडी यायला उशीर झाला, आणि आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकू रडल्या नाहीत. मास्तरांचा हात खुर्चीवर होता. तो काकूंनी उचलून बाजूला केला.

त्यानंतर मास्तर रोज खाली जाऊन त्या बाकावर बसू लागले. येणाराजाणारा बोलायचा. कुणी टोमणा मारायचं, कुणी सरळ आईबहिणीवरून. मास्तर मान खाली घालून ऐकून घ्यायचे. लेक भेटायला आली तेव्हा तिच्यादेखतच एक जण त्यांच्या पायाशी थुंकला.

"का बसता इथं?" तिनं विचारलं.

"साहेब काही त्यांना दिसत नाही. तुझं कार्यालय लांब. शिव्या द्यायला तरी कुणीतरी समोर पाहिजे ना."

तिनं राजीनामा लिहून नेला. साहेबांनी तो वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला. "तुम्ही गेलात तर तुमच्या जागी येणारा एवढंही भांडणार नाही." तिला ते खरं वाटलं. ती राहिली, आणि राहिल्याबद्दल तिला स्वतःचा राग येत राहिला.

हळूहळू लोक निघून जाऊ लागले. खोल्यांना कुलपं घालून शहरात परतायचे, कुणी भावाकडे, कुणी दुकानाच्या पोटमाळ्यावर, कुणी पुलाखाली. काकूही निघाल्या. मास्तर बाकावरून उठले.

"काकू, पिशवी द्या. फाट्यापर्यंत येतो."

"नको, मास्तर," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर एकदा आले तेवढं बास झालं."

दुसऱ्या दिवशी मास्तर खाली उतरले नाहीत. लेक न्यायला आली तर तिच्याबरोबर निघाले. मशीन तिथंच राहिलं. तिच्या शेजारणीनं एकदा पडदे शिवून द्याल का विचारलं, तर हात कापतो म्हणाले. हात कापत नव्हता.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्याचा दुसरा टप्पा निघाला. वाटेत दुसरी वस्ती होती. साहेबांनी लेकीला आत बोलावलं.

"तुमच्या वडिलांमुळे मागचं काम किती सोपं गेलं. या वस्तीत तसं कुणी आहे का? ज्याचं लोक ऐकतात असा?"

"मी शोधणार नाही," ती म्हणाली.

"बरं," साहेब म्हणाले. रागावले नाहीत.

थोड्याच दिवसांत तिला साहेबांच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला दिसला. इस्त्रीचा सदरा, हातात चहाचा कप. त्या वस्तीतला न्हावी. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं: सह्या, खाणीपलीकडची घरं, खुर्चीतून खाली आणलेला माणूस, बाकावर बसलेला बाप. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"तुमच्या वडिलांना जमलं नसेल, ताई," तो म्हणाला. "माझी माणसं मला ओळखतात." आत बोलावणं आलं तसा कप ठेवून तो उठला.

संध्याकाळी तिनं मास्तरांना सांगितलं.

"धंदा काय त्याचा?" त्यांनी विचारलं.

"न्हावी आहे."

"म्हणजे सगळ्यांच्या माना त्याच्या हाताखाली. तू सांगितलंस त्याला?"

"सगळं सांगितलं."

"ऐकलं नसेल."

"नाही."

मास्तरांनी चादर ओढून घेतली आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.