डबा रिकामा द्यायचा नसतो

मी डबा बोलतोय. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, दोन्ही बाजूंना क्लिपा असलेला. एक क्लिप हल्ली सैल झालीय, तेवढं सांभाळून घ्या. आम्हा डब्यांना कुणी बोलू देत नाही. भरतात, उघडतात, खातात, खसाखसा घासतात आणि पालथं घालून मोकळे होतात. पण एक गोष्ट मी फार दिवस पोटात ठेवली होती, ती आता सांगतो.

डोंबिवलीतल्या भांड्यांच्या एका दुकानात मी टांगलेला होतो. लक्ष्मीबाई आल्या. "रस्सा सांडनार नाय ना?" असं त्यांनी विचारलं, म्हणून दुकानदाराने मला पाण्याने भरून चक्क उलटा धरला. एक थेंब गळला नाही. त्या दिवशी मी जरा जास्तच फुगलो होतो. भाव करून झाल्यावर त्याने मशीन घेतलं आणि माझ्या झाकणावर नाव कोरलं, 'वर्षाली'. मला गुदगुल्या झाल्या.

वर्षाली ही लक्ष्मीबाई आणि गोपीनाथ यांची एकुलती एक लेक. तिला ठाण्याला, खोपटला, डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली होती. घर कोपरला. जिथे पूर्वी यांचं शेत होतं तिथे बिल्डिंग उभी राहिली आणि हे लोक दुसऱ्या मजल्यावर गेले. शेत गेलं, पण लक्ष्मीबाईंच्या हाताची सवय काही गेली नाही. शहाडच्या पलीकडे त्यांचं माहेर. तिथून कडवे वाल यायचे. ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग एकेक दाणा सोलत बसायचं. दोन दिवसांचं काम. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतायची. एवढं सगळं वालाच्या बिरड्यासाठी, आणि बिरडं वर्षालीसाठी.

कारण लहानपणी कधीतरी चार मावश्यांसमोर वर्षाली म्हणाली होती, "माझ्या आईसारखं बिरडं कोणालाच नाय जमत." बस्स. त्या दिवसापासून लक्ष्मीबाईंनी ठरवून टाकलं, की पोरीचा जीव बिरड्यात आहे. आयांचं असंच असतं. पोर एकदा काहीतरी बोलून जातं आणि त्या ते जन्मभर रांधत राहतात.

खरं काय होतं, ते दुपारी दीड वाजता मला कळायचं.

वर्षालीला बिरडं मुळीच आवडत नव्हतं. तो कडवटपणा तिच्या घशाखाली उतरत नसे. पहिल्याच दिवशी तिने मला उघडलं, नाक मुरडलं आणि शेजारच्या चष्म्याच्या काउंटरवरच्या देवयानीकडे सरकवलं. देवयानी लातूरकडची, ठाण्यात पीजी म्हणून राहणारी. तिच्याकडे मेसचा डबा असायचा, त्यात बटाट्याची भाजी. पिवळी, पातळ, मोहरी जळालेली. वर्षाली ती मिटक्या मारत खायची आणि देवयानी बिरडं खाऊन मला बोटाने पुसून काढायची.

"अगं, आईला सांगून टाक की एकदा," देवयानी म्हणायची.

"वेडी झालीस? दोन दिवस बसून सोलते ती. कोणत्या तोंडाने सांगू?"

बिरडं असलं की संध्याकाळी मी लख्ख रिकामा घरी जायचो. लक्ष्मीबाई झाकण उघडून आत बघायच्या आणि त्यांचा चेहरा खुलायचा. दोन वर्षं हे नाटक चाललं. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं, उलट मजा यायची.

मग ती सकाळ आली. बिरडं भरून, क्लिपा लावून मी ओट्यावर तयार होतो. वर्षाली पायात सँडल घालता घालता म्हणाली, "आई, आज डबा नको."

"नको? दोन दिस सोलतंय मी ते!"

"नको बोलले ना, आई!"

दार जरा जोरात लागलं. मी भरलेलाच राहिलो. संध्याकाळी ती आली ती अंगात ताप घेऊन. डेंग्यू निघाला. आठवड्याभरात ती गेली. तेवीस वर्षांची होती. मला सगळ्यांनी विसरून जावं असं तेव्हा वाटलं, कारण माझ्या डोक्यावर तिचं नाव होतं आणि ते घासून जाणारं नव्हतं.

लक्ष्मीबाई विसरल्या नाहीत. त्यांनी मला तिच्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवलं. वर्षातून एकदा, ती गेली त्या तारखेला, बाहेर काढायचं, बिरडं भरायचं आणि फोटोसमोर ठेवायचं. आणि दर वेळी नवऱ्याला तेच म्हणायचं, "रागावून गेली ओ माझी बाय. माझ्या हातचं नको बोलली."

"अगं, अंगात ताप असेल तिच्या. तापात मानूस चिडतं," गोपीनाथ समजावायचे.

पण तो काटा काही निघत नव्हता. ती नको का म्हणाली, हे मला ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. डब्याने फार तर खडखडावं. भरलेल्या डब्याला तेही जमत नाही.

तिसऱ्या वर्षी, त्याच तारखेला, दारात देवयानी उभी राहिली. वर्षाली गेल्यावर ती पुण्याला नोकरीला गेली होती, आता परत ठाण्यात आली होती. लक्ष्मीबाईंनी तिला जेवायला बसवलं, बिरडं वाढलं आणि म्हणाल्या, "खा गो बाय. तुझ्या मैत्रिणीचं लय आवडीचं."

देवयानीने पहिला घास घेतला आणि तिला रडूच कोसळलं. चव ओळखीची होती ना! मग हुंदके देत देत तिने सगळं सांगितलं. बिरडं कोण खायचं, बटाटा कोण खायचं, सगळं.

लक्ष्मीबाई आधी भडकल्याच. "म्हंजे दोन वरसं मना फसवत व्हती? नको व्हतं तं सांगाचं ना मना!" मग त्यांची नजर फोटोकडे गेली, फोटोसमोर मी होतो, माझ्यात काठोकाठ बिरडं. "आन् मी तिच्यापुढं दरसाल कडूच ठेवतंय!" असं म्हणून त्या हसल्या. त्या घरात ते हसू मी फार दिवसांनी ऐकलं. गोपीनाथ तर घास हातात धरून बघतच राहिले.

हसू ओसरल्यावर लक्ष्मीबाईंनी हळूच विचारलं, "मंग ताप आला त्या दिवशी डबा नको का बोलली?"

"काकू, त्या दिवशी मी नव्हते. चुलतभावाच्या लग्नाला गावी गेले होते. बिरडं खाणारंच कुणी नव्हतं. डबा भरलेला परत आला असता, तर तुम्ही विचारलं असतं."

"रागावली नव्हती?"

"नाही हो! दुपारी मला फोन केला होता तिने. हसत होती. म्हणाली, लवकर ये बाई, नायतर आई मला पकडेल."

लक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या. पण ते रडणं निराळं होतं. आधीचं मी ओढणीच्या आतून ऐकलेलं होतं, म्हणून सांगतो.

देवयानी निघाली तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं, त्याच बिरड्यासकट. "पन रिकामा नको आणू हां," म्हणाल्या. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे लातूरच्या पोरीला का सांगायला हवं? ती मला परत घेऊन आली ते लाडू भरून. मग मी पुन्हा बिरडं घेऊन ठाण्याला. तेव्हापासून माझी ये-जा चालू आहे.

गंमत म्हणजे, लक्ष्मीबाई माझं झाकण आधी उघडतच नाहीत. आधी विचारतात, "आन् काय करायची गो ती?" मग देवयानी काहीतरी सांगते. दवाखान्यात घाबरलेल्या आजोबांचा हात धरून वर्षाली त्यांना आत कशी न्यायची, कंटाळा आला की चष्म्याच्या फ्रेमी घालून आरशात कशी बघायची. मेलेल्या माणसाचं नवं काही कळायचं नाही, असंच त्या माउलीने धरलं होतं. आता दर खेपेला तिला लेक थोडी थोडी मिळते.

तुमच्या फळीवरही कुणाचा तरी डबा पडून असेल. तो नेऊन द्या. आणि त्या घरचं कुणी गेलेलं असेल, त्याची एखादी गोष्ट तुमच्याजवळ राहिली असेल, तर डब्याबरोबर तीही द्या. माझं एवढंच मागणं आहे.

परवा वर्षालीची तारीख होती. लक्ष्मीबाईंनी सकाळी बटाटे उकडले. गोपीनाथ मागे उभे राहून म्हणाले, "अगं, मोहरी जळतेय तुझी."

"जळू द्या," लक्ष्मीबाई म्हणाल्या. मग भाजीत पाणी जरा जास्तच घातलं आणि ती पिवळी, पातळ भाजी माझ्यात भरून मला लेकीसमोर ठेवलं.