केरूनानांच्या खोलीतला वास

सासऱ्यांच्या खोलीत शिरण्याआधी सविता श्वास रोखून धरायची. ओलं फडकं, खवट तेल आणि आणखी कसला तरी आंबूस वास तिथे भरून असे. केरूनाना ऐंशीच्या घरातले. गुडघे गेले तसं मखमलाबादचं गुलाबाचं पॉलिहाऊस पुतण्याच्या हवाली करून ते इंदिरानगरला मुलाकडे, ललितकडे, राहायला आले. त्याच वर्षी थंडीत तो वास सुरू झाला. सकाळी त्यांच्या चादरीवर पिवळसर ओले डाग दिसायचे. सविताने काय समजायचं ते समजून घेतलं. गादीवर रेक्झिन घातलं, त्यांच्या चादरी वेगळ्या बादलीत भिजवायला लागली आणि ताटही खोलीतच नेऊन द्यायला लागली.

“वरून पडतंय गं,” नाना सांगायचे. “मी नाय काय केलं.”

“हो नाना,” ती म्हणायची, तोंड फिरवून.

घराचा खालचा मजला भाड्याने दिलेला होता. वर स्लॅब न टाकता पत्रे घातले होते, त्याखाली पांढरं सिलिंग आणि मध्ये कंबरेइतका माळा. दुसऱ्या वर्षी सिलिंगलाही डाग आले, तेव्हा ललितने पत्र्यांचे सांधे बुजवून घेतले. पुढच्या पावसाळ्यात खोली कोरडी राहिली. डिसेंबरात थंडी कडक पडली आणि चादरी पुन्हा भिजल्या. हे नानांचंच, याबद्दल आता सविताला शंकाच उरली नाही.

एका सकाळी ती नानांची चादर ओढून काढत होती. “निदान हाक तरी मारत जा,” असं चिडून म्हणत तिने मान वर केली आणि एक थेंब थेट तिच्या ओठावर पडला. कोमट नव्हता, गार होता. चिकट होता. जिभेला लागला तो तोच वास होता, जणू वासालाच चव आली होती. ती बेसिनपर्यंत पोचली आणि भडाभडा ओकली. तीन वेळा दात घासले तरी ओठावरचा बुळबुळीतपणा जाईना.

ती परत आली तेव्हा नाना पलंगावर बसून होते.

“पावसात कोरडं आन् थंडीत ओलं,” ते म्हणाले. “गळत असतं तर पावसात गळलं असतं. पॉलिहाऊसचे पडदे रातभर बंद राहिले की सकाळी प्लास्टिकला असंच पाणी सुटायचं, लय थेंब पडायचे फुलांवर. वाफ आत कोंडते अन् गार पत्र्याला लागली की पाणी होतं. वर वाफ कुठून जातीय ते बघा.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“ऐकत कोण होतं?”

ललित कंपनीत गेला होता. सविताने तोंडाला ओढणी बांधली, शिडी लावली आणि माळ्याचं झाकण ढकललं. वरची गरम, दमट हवा उष्ट्या श्वासासारखी तिच्या तोंडावर आली. मोबाइलच्या उजेडात पत्र्याखाली हजारो पिवळे थेंब लटकत होते. हात टेकला तिथे काळी, लिबलिबीत साय बोटांना लागली. गणपतीच्या थर्माकोलच्या मखरावर हिरवी लव उगवली होती. तिच्या आईने शिवलेली गोधडी उचलताच मधोमध फाटली आणि आतून पांढरे किडे वळवळत बाहेर आले. ती तशीच गुडघ्यांवर पुढे सरकली.

स्वयंपाकघरावरच्या बाजूला चिमणीचा चंदेरी पाइप दिसला. दोन वर्षांपूर्वी चिमणी बसवणाऱ्याने तो भिंतीबाहेर काढलाच नव्हता. माळ्यातच सोडून दिला होता. त्याच्या तोंडाशी तपकिरी तेलाचं थारोळं साचलं होतं आणि त्यात उंदीर चिकटून मेला होता. बाथरूमच्या पंख्याचं तोंडही माळ्यातच उघडत होतं. गीझरची सगळी वाफ इथेच. समोरासमोरच्या दोन्ही झरोक्यांत गोणपाट कोंबलेलं होतं. ते ललितचं काम. कबुतरं येऊ नयेत म्हणून.

दोन वर्षं तळलेल्या पुऱ्या, फोडण्या आणि सगळ्यांच्या आंघोळीची वाफ या पत्र्याला लागून नानांच्या अंगावर टपकत होती. आणि ती मात्र त्यांच्या चादरी वेगळ्या बादलीत भिजवत होती.

रविवारी मंगळू आला. तो मूळचा सुरगाण्याचा, शहरातल्याच द्वारका भागात भाड्याच्या खोलीत राहून पत्र्याची कामं करायचा. त्याने पाइप भिंतीतून बाहेर काढून वर टोपी बसवली, बाथरूमची वाफ वेगळ्या नळीने बाहेर नेली, गोणपाट उपसून झरोक्यांना बारीक जाळी मारली आणि बाथरूमच्या सिलिंगमधली फट बुजवली. सडलेलं सामान सहा पोती भरलं. ललित पोती उतरवताना शिव्या घालत होता.

“गोण्या कोणी कोंबल्या होत्या?” सविताने विचारलं, तेव्हा तो पुढचं पोतं उचलून जिना उतरला.

नाना पुतण्याशी फोनवर बोलत होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत जाऊन तिने रेक्झिन खसकन ओढून काढलं. “नाना, मला वाटलं होतं की तुम्हीच…”

“ठाऊक हाय मला,” ते म्हणाले. “तू नाक धरायचीस ना, ते दिसायचं.”

तिने माफी मागितली. नानांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काठी टेकत स्वयंपाकघरात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “भाकरी कडक भाज. खोलीत येईस्तोवर गार होते, कधीचा सांगणार होतो.”

जानेवारीत पारा आणखी उतरला. सविता रोज सकाळी त्यांच्या चादरीवरून हात फिरवायची. चादर कोरडी असायची. पंधरवड्यात वासही गेला. तळण मात्र तिला उन्हाळ्यापर्यंत खाववलं नाही.