शेवंताबाईची तक्रार

"नेमका कुठं हात लावला, आज्जी?" जमादारानं आधी कानडीत विचारलं, मग मराठीत. विचारताना मिशीत हसला.

"छातीवर. लिवा," शेवंताबाई म्हणाली. "आणि हसताय काय? वय झालं म्हंजे बाईचं अंग सरकारजमा झालं व्हय?"

जमादाराचं हसू मावळलं. तो लिहू लागला. मी तिच्या मागं ओढणी घट्ट धरून उभी होते.

खरं तर तक्रार माझी होती. बेळगावहून सुटणारी संध्याकाळची आमची गाडी सांबऱ्याच्या पुढं आमच्या गावापर्यंत जाते आणि कायम गच्च भरलेली असते. चौकड्याच्या शर्टातला तो माणूस बसस्टँडपासून माझ्या पाठीला चिकटून उभा होता. गर्दी आहे, धक्का लागायचाच, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग त्याचा हात माझ्या कमरेवर आला आणि तिथून हलेचना. घरात भावाला एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी मी, पण तोंडातून आवाज फुटेल तर शपथ!

शेवंताबाई पलीकडच्या सीटवर होती. ती आमच्याच गावची. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत झाडलोट करते, मी तिथंच शेजारच्या कारखान्यात अप्रेंटिस. ती उठली, त्या माणसाचं मनगट धरलं आणि ओरडली, "कंडक्टर, गाडी पोलिसांकडं घ्या!" सुटण्यासाठी त्यानं तिच्या छातीवर हात मारून तिला ढकललं. ती सीटच्या दांड्यावर आपटली, पण मनगट काही सोडलं नाही. काय बाई म्हणावी ही!

कंडक्टर नागेंद्रअण्णांनी दारं लावून घेतली. कुणीतरी कुरकुरलं, "आमाला उशीर व्हतोय की."

"घरात कोण बोललं तर माझं नाव सांगा," अण्णा म्हणाले. गाडी थेट पोलीस ठाण्याच्या आवारात शिरली.

पायरीवर मी शेवंताबाईचा हात धरला. "आज्जी, माझं नाव नको गं. आप्पांना कळलं तर उद्यापासून मी घरात." आप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बसमधली एक जरी भानगड कानावर आली तर कारखाना बंद.

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्यानं मला बी ढकललंय न्हवं? तेवढं बास हाय. तू गप माझ्या मागं उभी ऱ्हा."

त्या माणसाला पोलिसांनी ठेवून घेतलं. बातमी मात्र आमच्या आधी गावात पोचली. म्हातारीची छेड काढली म्हणून पानपट्टीवर लोक पोट धरून हसले. तिचा मुलगा दीपंकर बेळगावात बँकेत आहे, तोही फोनवर चिडला. या वयात कशाला ही शोभा, म्हणाला.

हे तिनंच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी मी बुद्धविहाराजवळच्या तिच्या घरी गेले तेव्हा. मला रडू आवरेना. म्हटलं, "आज्जी, मी सगळ्यांना खरं सांगते."

"गप बस गं," ती म्हणाली. "मला लोक हसून सोडत्यात. तुला सोडलं नसतं." आणि माझ्यापुढं चहाची बशी सरकवली. सख्ख्या आजीनं केलं नसतं एवढं या बाईनं माझ्यासाठी केलं होतं, आणि वर चहाही तीच पाजत होती.

त्याच रात्री जेवताना आप्पांनी विषय काढला. "त्या शेवंतीची छेड? कोण आंधळा हुता काय रं?" माझा भाऊ साईराज घास अडकेपर्यंत हसला.

माझं डोकं सणकलं. मी ताट सरकवलं. "आप्पा, त्यानं हात मला लावलाता. तिनं सगळं स्वतःवर घेतलं. मला घरात बसवायचं तर बसवा, पण तिला हसू नका."

आईच्या हातातली पळी आमटीतच राहिली. आप्पा अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतला आणि अंगणात जाऊन बसले. परत आत आले ते सगळे झोपल्यावर.

सकाळी आईनं विचारलं, "डबा भरायचा काय गं?" आप्पा मला जाऊ देणार की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. मीच भरला. बाहेर आप्पा मोटरसायकल काढून उभे होते. "बस," एवढंच म्हणाले. स्टॉपवरूनच मला परत नेणार, कारखान्याला फोन करायला लावणार, असं काय काय वाटेत माझ्या मनात येत होतं.

स्टॉपच्या कट्ट्यावर गावातली चार माणसं ऐसपैस बसली होती. शेवंताबाई डबा घेऊन बाजूला उभी होती. तिला बघून एकानं दुसऱ्याला कोपर मारलं.

आप्पांनी गाडी लावली. मी उतरले.

"सरका रं जरा," ते त्या चौघांना म्हणाले. माणसं सरकली. मग आप्पा तिच्याकडं वळले. आमच्या आळीतल्या कुठल्याही बाप्यानं जिला जन्मात 'ए शेवंते' याखेरीज हाक मारली नव्हती, तिच्याकडं.

"आक्का, बसा. पोरगी रोज तुमच्या संगट यील."

शेवंताबाईनं मागं वळून बघितलं, आणखी कुणी बाई आलीय काय म्हणून.