चार नंबरच्या प्रेसची चौकशी

पत्रा दाबणाऱ्या चार नंबरच्या प्रेसजवळ सहा गोष्टी होत्या. अर्धवट दाबली गेलेली पत्र्याची एक चकती, उजव्या हाताचा एक हातमोजा, रक्त पुसलेली दोन फडकी, पाण्याची एक बाटली, आणि कामगार श्रीमंतच्या पिशवीतून निघालेली देशी दारूची रिकामी क्वार्टर. भार्गवीने सगळं दोनदा मोजलं. केदार सरांना त्यातली क्वार्टर तेवढी दिसत होती.

नागापूरच्या त्या कारखान्यात भार्गवी नवीनच होती. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, तपासणी विभागात ट्रेनी. सुरक्षा समितीत एक तरी बाई हवी म्हणून तिचं नाव घातलेलं. काल सकाळी प्रेसखाली श्रीमंतची तीन बोटं गेली आणि चौकशी तिच्या गळ्यात पडली.

"चौकशी कसली त्यात?" मॅनेजर केदार सर म्हणाले. "रात्री ढोसायची, सकाळी तोंडाला वास घेऊन मशीनवर बसायचं, वर कंपनीच्या नावानं बोंब मारायची. दारूमुळे झालं, असं लिहून टाक."

दवाखान्यात श्रीमंतही तेच बोलला होता. पाथर्डीकडचा तिशीतला गडी, बँडेजकडे बघतसुद्धा नव्हता. "रातच्याला घेतली हुती म्याडम, खोटं कशाला बोलू? पीस अडकला, काडाया गेलो आन् पाय पडला पेडलवर. माझंच चुकलं."

चुकलं होतंच. पण प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सेन्सर होते. त्यांच्या मधे काहीही आलं की प्रेस जागच्या जागी थांबायला हवा. हात कुणाचा आहे, तो प्यालाय की नाही, हे सेन्सरला कळत नाही. दिवे तर आत्ताही हिरवे होते.

तिने इलेक्ट्रिशियन भागवतला बोलावलं. त्याने पॅनेलचं दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आयला... चावी तशीच राह्यली."

"कसली चावी, भागवतभाऊ?"

"सेन्सर बंद करायची. दिवे लागतात, पण प्रेस त्यांचं ऐकत न्हाई." त्याचा आवाज खाली गेला. "दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालतो आपन. हार सेन्सरच्या मधी येतो. आन् पूजा झाली की पहिला ठोका हारासकटच घ्यायचा, पहिल्यापासनं तसंच हाय. म्हनून दर साली चावी फिरवतो. हार उतरवला की परत..."

दसऱ्यापासून आजपर्यंत या प्रेससमोर किती हात येऊन गेले असतील, याचा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. तिने तो मधेच सोडला.

भागवतने चावीला हात घातला.

"राहू दे," मागून केदार सर म्हणाले. त्यांच्याबरोबर ज्योती होती, श्रीमंतच्या गावाकडचीच. "माल आज जायचाय. सेन्सर लावला की दर चार ठोक्यांना अडतं. ज्योती, बस गं."

"सर, हा प्रेस थांबत नाही!" भार्गवी म्हणाली.

"श्रीमंतसाठी नाही थांबला. ज्योती पिते का? मग?"

ज्योती हसली. "म्याडम, पंधरा वर्षं कोयता चालवलाय उसात. बोटं हायेत की समदी." तिने दहाही बोटं नाचवून दाखवली आणि स्टुलावर बसली. पाय पेडलपाशी गेला.

उद्यापासून आपल्याला नोकरी नसेल, हा विचार भार्गवीच्या मनात येऊन गेला. तिने बॅगेतून लाकडी फूटपट्टी काढली, शून्याकडचं टोक मुठीत धरलं आणि दुसरं टोक सेन्सरच्या मधून आत, साच्यावर सरकवलं.

"भार्गवी, वेडेपणा बंद कर."

"ज्योतीताई, हात मांडीवर ठेवा. आता दाबा."

"आवं, तुमचा हात..."

"माझा बाहेर आहे. दाबा."

ज्योतीने केदार सरांकडे पाहिलं, मग हिरव्या दिव्यांकडे. मग डोळे मिटून पेडल दाबलं.

ठोका बसला. भार्गवीच्या मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. ज्योती स्टुलावरून उठून भिंतीला टेकली होती, दोन्ही हात काखेत धरून.

भार्गवीने मूठ उघडली. पट्टी सतरा सेंटीमीटर चार मिलिमीटरवर तुटली होती.