जवळचं भाडं

जवळचं भाडं आलं की विमानतळावरच्या टॅक्सीवाल्यांचं तोंड कडू होतं, हे काही नवीन नाही. मागच्या वाहनतळावर अर्धा दिवस ताटकळायचं, तेव्हा कुठे दारासमोरच्या फुटपाथच्या कडेला गाडी लावायला मिळते. आणि पदरात पडतं ते दोन गल्ल्यांपलीकडचं गिऱ्हाईक!

लेफ्टेरिसचं त्या दिवशी तसंच झालं. सिडनीच्या विमानातून उतरलेल्या बेरिल हॉकिंग या म्हाताऱ्या बाईंनी पत्ता सांगताच तो म्हणाला, "एवढ्याशा अंतराला टॅक्सी? मागच्याला विचारा, बाई." मागच्यानं त्याच्याही मागे बोट दाखवलं. पुढच्या काळ्या लिमोझिनवाल्यानं तर काचसुद्धा खाली केली नाही.

कडेला गाड्या लावून देणारी ओफा तरातरा आली. "काय रे लेफ्टी, ही जागा काय तुझ्या सासऱ्यानं आंदण दिलीय?"

"सकाळपासून रांगेत आहे मी! माझ्या पोटाचं कोण बघणार?"

"तुझं गाऱ्हाणं खरंय. पण ते विमानतळाच्या साहेबांपुढे घाल ना! या बाईंवर कसला राग काढतोस? ही जागा गाड्या उभ्या करायला नाही, बाबा. उतरलेलं माणूस घरी पोचावं म्हणून आहे."

"भांडू नका हो," बेरिलबाई हळूच म्हणाल्या. "जाते मी चालत. भावाला पुरून आलेय, म्हणून पाय जरा जड झालेत, एवढंच." आणि बॅग ओढत खरंच निघाल्या!

लेफ्टेरिसनं गाडीचं मागचं दार उघडलं. धावत जाऊन त्यानं बॅग हातात घेतली.

घर लगेचच आलं. पण बाई उतरेनात. "पोचले की भावाला फोन करायचे," त्या म्हणाल्या. "आता कुणाला सांगू?"

लेफ्टेरिसनं मागे वळून पाहिलं. तोही एकटाच; गाडीतच जेवायचा, रिकाम्या घरी नुसता पाठ टेकायला जायचा. शेवटी म्हणाला, "मला सांगा."

"पोचले रे," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत कुलूप काढायला गेल्या.

परतल्यावर तो ओफाला घेऊन थेट साहेबांकडे गेला. जवळचं गिऱ्हाईक घरी पोचवून आलेल्या गाडीला पुन्हा रांगेत पुढे घ्या, एवढंच त्याचं मागणं. ते मान्य होईतो हिवाळा सरला. पण तोवरही त्यानं एकाही गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नाही.

मंडळी, आपली अडचण कितीही खरी असो, ती आपल्याहून एकट्या माणसाच्या माथी मारू नये. घर जवळ असलं, तरी त्यालाही घरी पोचायचंच असतं!