कूस

"धर मानेला," बेबी म्हणाली आणि आईने सवयीने तिच्या गळ्यात हात टाकला. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालून बेबीने तिला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीवरच्या जखमेला मलम लावलं आणि मागे उशी सारली.

"नवरीसारखी उचलतेस," आई म्हणाली. "तुला मात्र उचलणारा कोणी भेटला नाही."

चाळिशी उलटली तरी 'बेबी' हे नाव सुटलं नव्हतं, तसे हे टोमणेही. मणक्याच्या दुखण्यात पाय गेल्यापासून आईची सगळी ताकद जिभेत आली होती.

बेल वाजली. महिन्यातून एका रविवारी चर्चचे पाळकसाहेब आईसाठी प्रभुभोजनाचा पाव घरी घेऊन येत. आज बेबीने त्यांना बाहेरच्या खोलीतच थांबवलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मालक दुसऱ्या शहरात नवं दुकान काढत होते आणि ते तिने सांभाळावं असं त्यांचं म्हणणं होतं. उद्या उत्तर द्यायचं होतं. आईला न्यायला भाऊ तयार होता. म्हणजे निदान 'बघू' तरी म्हणाला होता.

"जाऊ का, साहेब?" तिने सगळं सांगून हळू आवाजात विचारलं.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर त्यांच्यावर चिडून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"देव दुःख उगाच देत नाही, बेबी. आई हा तुझा क्रूस आहे. तो असा अर्ध्या वाटेत खाली ठेवायचा नसतो. खरं ना?"

"हो, साहेब."

तिला रडू आलं नाही, राग आला. राग गिळायची तिला जुनीच सवय होती.

आतल्या खोलीत साहेबांनी डबी उघडली, प्रार्थना केली आणि पावाचा तुकडा आईच्या तोंडाशी नेला. आईने ओठ मिटून घेतले.

"घ्या ना, आई."

"कोणाला देताय? क्रूसाला कधी कोणी घास भरवतं का?"

साहेबांचा हात तिथेच राहिला.

"पाय गेलेत, साहेब, कान शाबूत आहेत. आधी मला 'कूस' ऐकू आलं. म्हटलं, बरोबर आहे, ह्याच कुशीतून आली ती. मग नीट ऐकलं."

"मला तसं नव्हतं म्हणायचं. दुखण्यात आपण प्रभूच्या वेदनेत सहभागी होतो..."

"सहभागी तर मी रोजच होते. खिळे कुठे बसतात ते मला विचारा. पण लाकूड मी आजच झाले."

साहेबांनी मदतीसाठी बेबीकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. बेबी मलमाच्या ट्यूबचं झाकण फिरवत राहिली. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.

तुकडा परत डबीत गेला. साहेब पुढच्या महिन्यात येतो म्हणाले आणि चपला घालून घाईने जिना उतरले.

"तू हो म्हणालीस," आई म्हणाली.

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"'क्रूस नाही, आई आहे माझी.' एवढंच. मग भले जाते म्हणायचंस."

ते शब्द बेबीच्या ओठांवर आले होते. आता म्हटले तर ते खोटे वाटतील याची तिला भीती वाटली, आणि ते खरोखरच खोटे असतील याची त्याहून जास्त.

"उद्या मालकांनाही हो सांग," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "हो म्हणायची सवय आहेच तुला."

संध्याकाळी कूस बदलायची वेळ झाली. बेबीने एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि ती खाली वाकली.

"धर मानेला."

ती तशीच वाकून थांबली. आईने दोन्ही हात अंगाशी सरळ ठेवले होते.